नमस्कार करणारा ससा

पुढचे दोन्ही पाय जुळवून नमस्कार करणारा ससा कधी विकत घेऊ नये. पनवेलला वीसएक वर्षं ससे विकल्यावर लोकांना सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे, आणि ते मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते. बाकीचं ज्यांना सवड असेल त्यांनी वाचावं.

या अंकासाठी लिहा म्हणून जी मंडळी घरी आली, ती म्हणाली, "काकू, काहीतरी हलकंफुलकं द्या. ससेच तर आहेत." मी हो म्हटलं. लिहायला बसले आणि एकच ससा समोर येऊन बसला. तो काही हलकाफुलका नाही, त्याला माझा इलाज नाही.

मुंबई राज्याचे अजून दोन भाग व्हायचे होते आणि पनवेलला आगगाडी यायची होती, तेव्हाच्या या गोष्टी. आमचे हे गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या एका डॉक्टरांची बदली झाली आणि जाताना ते हौसेने पाळलेल्या सशांच्या दोन जोड्या आमच्या अंगणात ठेवून गेले. "आठ दिवसांत कुणीतरी घेऊन जाईल," असं म्हणाले. कुणी आलं नाही. दोन जोड्यांच्या वीस व्हायला सशांना फार दिवस लागत नाहीत. मग परसात ह्यांनी पत्र्याची पडवी काढली, बांबूच्या पट्ट्यांच्या तळाचे पिंजरे करून घेतले आणि मी धंद्याला लागले. गावात मला ससेवाल्या वहिनी म्हणायला लागले. सासूबाई होत्या तोवर त्यांना ते नाव आवडलं नाही, पण गिऱ्हाईक आलं की त्याला पाट त्याच द्यायच्या.

ससे मी फक्त पाळायला देत असे. खायला मागणाऱ्याला बाजारात कोंबडी मिळते म्हणून सांगत असे. आणि देताना माझा एक नियम होता. गिऱ्हाइकाने ससा स्वतः हातात घेऊन तपासायचा, मी दाखवीन तसा, अंगणात, उन्हाच्या उजेडात. पडवीच्या सावलीत सगळेच ससे गोजिरवाणे दिसतात.

तपासायचं ते असं. सशाला माणसासारखा तोंडाने श्वास घेता येत नाही, त्याचं सगळं आयुष्य त्या चिमुकल्या नाकावर चालतं. नाकाचा रोग लागला की त्यातून घट्ट पांढरं पाणी येतं. सशाकडे रुमाल नसतो. तो मागच्या पायांवर बसतो आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूने नाक पुसतो. पुन्हा पुन्हा पुसतो. लोकांना वाटतं नमस्कार करतोय. आपल्या माणसांना देवाधर्माची इतकी सवय, की पाय जुळवलेला ससा दिसला की बायका हात जोडतात, मुलं हट्ट धरतात, "हाच हवा, हा शहाणा आहे." दहा सशांत एक आजारी असेल तर आपली माणसं नेमका तोच उचलतात. धडधाकट ससाही तोंड धुताना पाय जुळवतो, नाही असं नाही. पण त्याचे पाय कोरडे राहतात. म्हणून नाकाकडे नंतर बघायचं, आधी पुढचे पाय उलटून बघायचे. आतली लव मऊ आणि मोकळी हवी. ती चिकटलेली, कडक झालेली, पिवळट असली तर ससा खाली ठेवायचा आणि आपले हात धुवायचे. मग त्याच्या बरगडीला कान लावायचा. काही ऐकू आलं नाही तर चांगलं. घरघर आली तर नको. डोळे पाणावलेले नकोत. धुळीने एखादी कोरडी शिंक सगळ्यांनाच येते, तिला घाबरू नये. ओली शिंक वाईट.

आणि घरी आधीचा ससा असेल तर नवा महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचा. आधी जुन्याला खायला घालायचं, मग नव्याला, आणि मध्ये हात धुवायचे. कारण रोग अंगात असूनही काही ससे वरून ठणठणीत दिसतात. हे शेवटचं मी प्रत्येकाला सांगत असे. एका माणसाला सोडून.

त्या माणसाकडे यायच्या आधी खाडीकाठच्या न्हावा गावातल्या जोमादादांचं सांगते, म्हणजे माझ्या डोक्यात हवा कशी गेली ते कळेल. जोमादादा मिठागरावर काम करणारे, अंगाने आडवे. लेकीसाठी ससा घेऊन गेले आणि दोन महिन्यांनी होडीतून लाकडी पेटी घेऊन परत आले. पेटी अंगणात आपटून म्हणाले, "वयनी, तुमी दिलेला ससा शिंकतंय. तुमी तं बोल्लात का चांगला हाय."

"ठेवलाय कसा?" मी विचारलं.

"मस्त ठेवलाय. वारा लागू नाय दिला. चारी बाजूंनी गोनपाट मारलाय."

"आणि खालचं गवत कधी बदलता?"

"थंडी लागंल म्हनून उघडलाच नाय."

मी त्यांना म्हटलं, "जोमादादा, या पेटीत तोंड घाला आणि दहा वेळा श्वास घ्या." ते हसले, पण वाकले. चौथ्या श्वासाला डोळे पुसत बाहेर आले. सशाच्या मुताचा वास कोंडला की तो नाकाला जाळतो, आणि जळलेल्या नाकात रोगाला घर मिळतं. हा बिचारा दोन महिने त्यात बसून होता. त्याचे पाय मी उलटून बघितले, लव अजून मोकळी होती. गोणपाट काढून टाकलं, कोरडं गवत घातलं, थेट झोत लागणार नाही पण हवा खेळेल अशी पेटी ठेवायला सांगितली. पंधरा दिवसांत ससा बरा झाला. जोमादादा पुढच्या खेपेला वाटाभर खाडीतली निवट्या मासळी घेऊन आले आणि म्हणाले, "वयनी, मायेनं मारत होतो आमी त्याला."

अशी चारदोन उदाहरणं झाली आणि गावात बोललं जाऊ लागलं, की वहिनींचा ससा शिंकत नाही. बाजारात भाजीवाल्या म्हणत, दवाखान्यातले डॉक्टर म्हणत. मला ते ऐकायला आवडायचं. इतकं आवडायचं, की पुढे ते खरं राहिलं नाही तेव्हा मला ते मान्यच करता आलं नाही.

आमच्या घरासमोर भाताची गिरणी होती. सुगी झाली की दिवसभर कोंड्याची धूळ उडे आणि पडवीवर बसे. त्या दिवसांत मी पिंजऱ्यांवर ओले पंचे टाकत असे. त्या वर्षी एक पांढराशुभ्र नर होता, अंगाने भरलेला, लाल डोळ्यांचा. तो शिंकायला लागला. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हा बाजूला काढ. मला लक्षण बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "गिरणीची धूळ आहे."

"मग बाकीचे का शिंकत नाहीत?"

"तो मोठा आहे, त्याच्या नाकात जास्त जाते." हे मी खरोखर बोलले. माझ्या सशाला तीनच पाय. हे दवाखान्यात निघून गेले. ते गेल्यावर मी त्या सशाचे पुढचे पाय उलटून पाहिले. आतली लव चिकटली होती. मी कोमट पाणी घेतलं, फडकं घेतलं, पाय पुसले, नाक पुसलं, लव बोटांनी मोकळी केली आणि त्याला उन्हात वाळवला. मनाशी म्हटलं, चार दिवस बघू, धूळच असेल. मला माहीत होतं की धूळ नाही.

त्याच सकाळी एलिझर मास्तर आले.

मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले. मूळचे आपट्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. बोलणं-चालणं आमच्यासारखंच, फक्त शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे. आमचे हे त्यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून मास्तर मला सूनबाई म्हणत. त्यांचा मुलगा, सून आणि नात रिबका दीड वर्षापूर्वी इस्रायलला कायमची गेली होती. मास्तर गेले नाहीत. त्यांची बायको इथल्या मातीत होती.

रिबकाचा एक ससा होता, भुरी. माझ्याकडूनच नेलेली, राखी रंगाची मादी. तेव्हा रिबका नऊ-दहा वर्षांची असेल. भुरीचे पाय तिने स्वतः उलटून बघितले होते, बरगडीला कान लावून बराच वेळ बसली होती आणि मग गंभीरपणे म्हणाली होती, "काही ऐकू येत नाही, म्हणजे चांगली आहे ना?" बोटीवर ससा नेता येत नाही म्हटल्यावर तिने भुरी आजोबांकडे सोपवली. त्या घरात आता दोघंच होती, मास्तर आणि भुरी.

मास्तरांनी खिशातून निळं विमानपत्र काढून मला वाचून दाखवलं. रिबकाने लिहिलं होतं, भुरीला एकटं वाटत असेल, तिला जोडीदार आणा, पिल्लं झाली की त्यातल्या एकाला माझं नाव द्या, म्हणजे मी तिथे आहे असं होईल. मास्तरांनी पत्र घडी करून ठेवलं. "तेव्हा सूनबाई, एक नर द्या. आमच्यात ससा खात नाहीत, त्यामुळे त्याला आमच्या घरात काही भीती नाही," ते म्हणाले आणि हसले.

मी त्यांना दुसरे दोन नर दाखवले. पण उन्हात ठेवलेला पांढरा मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याने पुढचे पाय जुळवले. मास्तरांनी त्याला हात जोडून नमस्कार केला. "हाच. हा तर वर्गात आल्यासारखा उठून उभा राहिला."

त्यांनी माझ्या नियमाप्रमाणे त्याचे पाय उलटून पाहिले. पाय कोरडे होते, मऊ होते. तासाभरापूर्वी मीच केले होते तसे. बरगडीला कान लावायचं राहिलं, आणि ते मी आठवण करून दिलं नाही. महिनाभर वेगळा ठेवा, हेही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी "का?" असं विचारलं असतं. शाळामास्तरच ते, त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. त्या कारणाची मला भीती वाटली. मी करंडीत गवत घातलं, ससा ठेवला आणि झाकण बांधून दिलं.

त्या दिवसापासून पडवीत मी बाकीच्या सशांचे पाय रोज दोनदा बघत होते. एकाचेही चिकटले नाहीत. म्हणजे धूळ नव्हतीच.

तीन आठवडे झाले असतील. दुपारी मास्तर आले, छत्री न घेता, उन्हात. "भुरी खात नाही," एवढंच म्हणाले. मी पायात चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत ते सांगत होते की दोघांचं छान जमलं होतं, एका ताटलीत खात होते, एकमेकांचं तोंड चाटत होते. मी ऐकत होते.

भुरी खिडकीजवळ अंग चोरून बसली होती. मान वर करून श्वास घेत होती. ससा असा मान ताणून श्वास घेऊ लागला की फार थोडं उरलेलं असतं. तिचे पाय मी उलटले नाहीत, वरूनच दिसत होते. बरगडीला कान लावला. एवढ्याशा अंगात केवढी घरघर. पांढरा कोपऱ्यात पाला खात होता, अंगाने तसाच भरलेला. त्याला रोग अंगवळणी पडला होता. त्याने तो भुरीला दिला, आणि तिला तो पेलला नाही.

मी ह्यांना बोलावून घेतलं. त्यांनी डॉक्टरांना विचारून सल्फाची गोळी आणली, वाटून पाण्यातून पाजली. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ जात होते. मास्तरांनी शाळेच्या हजेरीसारखी एक यादी केली होती, किती पाणी प्याली, किती पानं खाल्ली. तिसऱ्या दिवशी यादीत लिहायला काही नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला भुरी त्यांच्या मांडीवर गेली.

त्यांनी तिच्यावर आपला पंचा घातला. मग मला विचारलं, "सूनबाई, हे कशाने झालं? माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "हवा बदलली ना, मास्तर. या दिवसांत होतं असं."

त्यांनी पंच्याची कड सारखी केली. मग हळू आवाजात म्हणाले, "पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं. पोर खोटं बोलायच्या आधी खाली बघतं. तुम्ही आल्यापासून, चार दिवस, खाली बघताय."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय असतं ते मला त्या क्षणी कळलं. मी सगळं सांगितलं. गिरणी, धूळ, ह्यांनी सांगितलेलं, कोमट पाणी, फडकं. रडले मी, पण रडण्याने त्यात काही फरक पडत नव्हता आणि ते मला कळत होतं. शेवटी म्हटलं, "तो पांढरा मी परत घेऊन जाते. तुमच्या डोळ्यांसमोर नको."

"तो कशाला?" मास्तर म्हणाले. "त्याने काय केलं? त्याला नाक आलं आणि त्याने पुसलं. नमस्कार आपण समजलो." मग टेबलावरचं कोरं विमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. "रिबकाला मात्र तुम्ही लिहा. मला ते जमणार नाही. आणि हवा बदलली असं लिहू नका."

ते पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. माझं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं, आणि त्यात असं पत्र लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. मी लिहिलं की तुझ्या आजोबांनी तू शिकलीस तसेच पाय बघितले, पण ते पाय मी पुसून ठेवले होते. माझे ससे शिंकत नाहीत हे नाव जाऊ नये म्हणून पुसले होते. तुझी भुरी त्यामुळे गेली. पत्र टपालात टाकलं आणि महिनाभर पोस्टमन दिसला की मी आत जायची.

उत्तर आलं ते माझ्या नावाने. अक्षर मोठं, ओळी वरखाली. भुरीबद्दल तिने एकच वाक्य लिहिलं होतं, की मला खूप वाईट वाटलं आणि आईलाही वाटलं. माफ केलं असं कुठे नव्हतं, आणि मी ते शोधलं, खोटं कशाला बोलू. पुढे लिहिलं होतं, "पांढऱ्याला आजोबांकडून नेऊ नका. आजोबा एकटे आहेत. त्याचं नाक कसं पुसायचं ते त्यांना शिकवा."

तेव्हा मी जाऊन शिकवलं. कोमट पाणी, मऊ सुती फडकं, नाक आधी, मग पायांची आतली बाजू, मग कोरडं फडकं. गवत रोज बदलायचं, खिडकी उघडी ठेवायची, पण पिंजरा झोतात नको. मास्तर पाटीवर लिहून घेत होते. शिकवताना माझे हात तेच करत होते जे मी त्या सकाळी केलं होतं, आणि मला मान वर करवेना.

पडवीचं मी काय केलं तेही सांगते. दोन महिने एकही ससा विकला नाही. गिऱ्हाईक आलं की कारण सांगून परत पाठवलं, खरं कारण. गावात व्हायचा तो बोभाटा झाला. कुणी म्हणालं, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. म्हणू दिलं. सुकापूरची एक बाई मला सुकं गवत आणून द्यायची, ती एकदा भारा टाकून म्हणाली, "वयनी, सगल्यांना कशाला सांगतां? कोनाला ठाव होता?" मी म्हटलं, मास्तरांना ठाव आहे. पुढे पुन्हा विकायला लागले तेव्हा नियम बदलला. ससा सांगून ठेवायचा, आणि न सांगता दोनदा येऊन बघायचा. एकदा दिसला तो मी दाखवलेला असेल, दुसऱ्यांदा दिसेल तो खरा. पुष्कळ गिऱ्हाइकं एवढ्या उठाठेवीला कंटाळून गेली.

मास्तरांकडे मी अधूनमधून जात असे. पांढरा तसाच होता. हा रोग पुरता जात नाही, फक्त सांभाळून न्यावा लागतो. त्याला पुन्हा जोडीदार देता आला नाही, मास्तरांनाही नाही. दोघं खिडकीत बसलेले असत. अशी तीन वर्षं गेली. मग मास्तरांची नजर कमी झाली आणि त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तर मुलाचा हात धरून आमच्या अंगणात आले. मुलाच्या हातात करंडी होती, मीच बांधून दिलेली. "सूनबाई, हा तुमचा ससा," मास्तर म्हणाले. "तुमच्या नियमाप्रमाणे तपासून घ्या."

मी त्याला उन्हात घेतलं आणि पुढचे पाय उलटले. लव कोरडी होती, मऊ होती, बोटाला कुठेही अडली नाही. तीन वर्षं रोगी असलेल्या सशाचे असे पाय मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. मास्तरांना दिसत नव्हतं, पण ते वाट बघत होते. मी म्हटलं, "पाय चांगले आहेत, मास्तर."

"रोज दोनदा," ते म्हणाले. "एकदाही चुकलं नाही." आणि पिशवीतून धुतलेल्या धोतराच्या फडक्यांची चवड काढून माझ्या हातात दिली. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी चाचपून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आजारी ससा पडवीत जाऊ द्यायचा नाही, हा नियम होता. म्हणून पांढऱ्याला मी घरात ठेवला, माजघराच्या खिडकीशी. तो आणखी दीड वर्ष जगला. सकाळी मी खिडकी उघडली की तो मागच्या पायांवर उभा राहायचा. त्याने पुढचे पाय जुळवायच्या आत मी कोमट फडकं घेऊन त्याच्या पुढे बसलेली असायची. त्याला नमस्कार करायला लावायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं, आणि एकदाही चुकले नाही.